रशियन क्रांतीच्या तारखांचा मेळ कसा घालावा

1917 वर टिपण काढायला बसलात आणि समोर दोन-तीन पुस्तकं उघडी असली, की पहिली अडचण तारखांचीच येते. एकात बोल्शेविकांनी (लेनिनच्या पक्षाने) सत्ता घेतली 25 ऑक्टोबरला, दुसऱ्यात 7 नोव्हेंबरला. दोन्ही बरोबर. रशियात तेव्हा ज्युलियन दिनदर्शिका चालू होती; पश्चिम युरोप आणि आपल्याकडचं सरकारी कामकाज ग्रेगोरियनवर चालायचं. पुढे ज्युलियन तारखेला ‘जुनी’ आणि ग्रेगोरियन तारखेला ‘नवी’ म्हटलं आहे. दोन्ही पद्धती एकाच टिपणात मिसळल्या की खरा घोळ होतो, आणि मग नुसत्या तारखा नाही, कार्यकारणभावच उलटा होतो.

हे टिपण पाहा (पेत्रोग्राद म्हणजे तेव्हाची राजधानी, आजचं सेंट पीटर्सबर्ग): ‘27 फेब्रुवारी: पेत्रोग्रादमध्ये सैनिकांचं बंड. 8 मार्च: गिरणीतल्या बायका भाकरीसाठी रस्त्यावर. 15 मार्च: झारचा पदत्याग.’ वाचणाऱ्याला वाटेल, सैनिक आधी फिरले आणि बायका मागून आल्या. घडलं नेमकं उलट. बायका बाहेर पडल्या तो महिला दिन म्हणजे नवीन 8 मार्च, जुनी 23 फेब्रुवारी. त्यांच्यामागे कारखाने बंद पडत गेले आणि चार दिवसांनी, जुन्या 27 फेब्रुवारीला, म्हणजे नव्या 12 मार्चला, सैन्याची वोलिन्स्की रेजिमेंट बंड करून उठली. क्रांतीची ठिणगी कुणी टाकली याचं उत्तर इथे 13 दिवसांवर अवलंबून आहे.

आता हिशेब. जुन्या तारखेत किती दिवस मिळवायचे हे शतकावर ठरतं. अठराव्या शतकासाठी 11, एकोणिसाव्यासाठी 12, विसाव्यासाठी 13. सांधा बरोबर 1 जानेवारीला नसतो: जुन्या 28 फेब्रुवारी 1900 पर्यंत 12 आणि 29 फेब्रुवारी 1900 पासून 13. ज्युलियन पद्धतीत चारने भाग जाणारं प्रत्येक वर्ष लीप. ग्रेगोरियनमध्ये शतकवर्षाला 400 ने भाग जावा लागतो, म्हणून 1900 ला 29 फेब्रुवारी नाही. फरक तिथेच एका दिवसाने वाढला.

सगळ्यात जास्त चूक इथेच होते, कारण 13 हा आकडा डोक्यात पक्का बसलेला असतो. भूदासमुक्तीचा जाहीरनामा जुन्या 19 फेब्रुवारी 1861 चा. 12 मिळवले की 3 मार्च. 13 मिळवलेत तर 4 मार्च येईल आणि ते चूक. डिसेंबरवाल्यांचा (झारविरुद्ध उठलेल्या लष्करी अधिकाऱ्यांचा) उठाव 14 डिसेंबर 1825, म्हणजे 26 डिसेंबर. लेनिनचा जन्म 10 एप्रिल 1870, म्हणजे 22 एप्रिल.

ताळा पाहायला वार वापरा. तारीख बदलली तरी वार बदलत नाही. ‘रक्तरंजित रविवार’, म्हणजे झारच्या सैनिकांनी मोर्च्यावर गोळ्या झाडल्या तो दिवस, जुन्या 9 जानेवारी 1905 चा. 13 मिळवून 22 जानेवारी येते आणि नेहमीच्या कॅलेंडरात तोही रविवारच निघतो. पुस्तकात वार दिला असेल तर तो टिपून ठेवाच. फक्त एक काळजी घ्या: जुन्या तारखेचा वार मोबाइलवर शोधू नका, कारण तिथलं कॅलेंडर ग्रेगोरियन असतं.

मिळवण्याआधी तारीख कुठल्या पद्धतीतली आहे हे ठरवायला हवं. 1917 चं पेत्रोग्रादचं वर्तमानपत्र असेल तर जुनी. परदेशी राजदूताची रोजनिशी किंवा लंडनचं वर्तमानपत्र असेल तर बहुधा नवी. 7 (20) मार्च अशी जोडी दिसली तर कंसाबाहेरची जुनी, कंसातली नवी. आधीच बदललेल्या तारखेत पुन्हा 13 मिळवणं ही दुसरी नेहमीची चूक. चेकाची (सोव्हिएत गुप्त पोलिसांची) स्थापना 20 डिसेंबर 1917 ही नवी तारीख आहे, जुनी 7 डिसेंबर. तिच्यात परत 13 मिळवले तर थेट 1918 साल उजाडतं.

आपल्या जवळचं एक उदाहरण आहे. टिळकांना शिक्षा झाली 22 जुलै 1908 ला आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्यावर लेनिनने लिहिलेल्या लेखाची तारीख काही ठिकाणी नुसती 23 जुलै दिसते. वाटतं, दुसऱ्याच दिवशी लिहिला! पण ती जुनी तारीख आहे. नव्या हिशेबाने लेख 5 ऑगस्टचा, म्हणजे संप संपल्यानंतरचा.

1918 मात्र वेगळं हाताळा. सोव्हिएत सरकारच्या हुकुमाने 31 जानेवारीनंतरचा दिवस थेट 14 फेब्रुवारी धरला गेला. मधल्या तेरा तारखा त्या वर्षी सरकारी कागदावर नाहीतच. त्यामुळे जर्मनीशी झालेला ब्रेस्ट-लितोव्स्कचा 3 मार्चचा तह, झारच्या कुटुंबाची 16-17 जुलैच्या रात्रीची हत्या, या तारखा नव्याच आहेत, त्यांना हात लावू नका. दिवस मोजताना दोन्ही टोकं आधी नवीन करून घ्या. संविधान सभा भरली जुन्या 5 जानेवारीला. तिथून तहापर्यंत सरळ मोजलं तर 57 दिवस भरतात, पण 18 जानेवारीपासून मोजलं की खरे 44. दक्षिणेतल्या श्वेत सेनेचे (बोल्शेविकांविरुद्ध लढणाऱ्या सैन्याचे) कागद मात्र 1918 नंतरही जुन्या तारखांचेच असतात, तिथे 13 मिळवावेच लागतात. चर्चचंही तेच, म्हणून रशियात नाताळ आजही 7 जानेवारीला.

टिपणाच्या पहिल्या ओळीतच ‘सर्व तारखा नव्या’ किंवा ‘सर्व तारखा जुन्या’ असं लिहून टाका. ‘फेब्रुवारी क्रांती’ आणि ‘ऑक्टोबर क्रांती’ ही नावं मात्र तशीच ठेवा, ती नवी करायच्या भानगडीत पडू नका.