ऑनलाइन सादरीकरण दिव्यांग श्रोत्यांसाठी सुगम्य कसे करावे

मराठी माध्यमाच्या भूगोल शिक्षकांसाठी घेतलेल्या एका ऑनलाइन प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी मी स्लाइड्सची फाइल सर्वांना पाठवली होती. सायंकाळी एका दृष्टिहीन शिक्षिकेचा फोन आला. “सर, शीर्षकाचा पहिलाच शब्द कळत नाहीये. अक्षर-अक्षर वाचून पाहिलं तर ई, जे, के, बी, एच असं ऐकू येतंय. तिथं काय लिहिलंय?” तिथे ‘मराठी’ असे लिहिले होते.

कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये आपण ‘मराठी’ लिहितो तेव्हा फाइलमध्ये प्रत्यक्षात हीच पाच रोमन अक्षरे साठतात. फाँट त्यांना केवळ देवनागरीचा आकार देतो. स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली; ती आकार पाहत नाही, साठवलेली अक्षरे वाचते. म्हणून मराठी स्लाइड्सच्या बाबतीत पहिले काम युनिकोडचे, म्हणजे देवनागरी अक्षरे देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या संकेतप्रणालीचे. मजकूर निवडून त्याला मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी हा फाँट द्यावा. देवनागरी तशीच राहिली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरे उमटली तर तो जुन्या फाँटमधला आहे. तो परिवर्तकातून, म्हणजे जुन्या फाँटमधला मजकूर बदलून देणाऱ्या साधनातून, युनिकोडमध्ये आणावा आणि नंतर डोळ्यांखालून घालावा, कारण रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी या ठिकाणी परिवर्तनात हमखास चुका राहतात. त्याच वेळी पॉवरपॉइंटमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवून ठेवावी, म्हणजे ज्या स्क्रीन रीडरला भाषेप्रमाणे आवाज बदलता येतो तो मराठी आवाजात वाचू शकेल.

यानंतर रचनेकडे वळावे. कोऱ्या स्लाइडवर मजकुराच्या सुट्या चौकटी काढत बसण्यापेक्षा तयार मांडणीतील शीर्षकाची आणि मजकुराची जागा वापरावी. आउटलाइन दृश्य उघडले की फरक लगेच कळतो: तयार जागांत लिहिलेले तिथे दिसते, सुट्या चौकटींतले दिसत नाही. प्रत्येक स्लाइडला स्वतंत्र शीर्षक हवे. दृष्टिहीन श्रोता शीर्षकांवरूनच हवी ती स्लाइड शोधतो, त्यामुळे सलग चार स्लाइड्सवर ‘पर्जन्यमान’ लिहिण्याऐवजी ‘पर्जन्यमान: कोकण’, ‘पर्जन्यमान: पर्जन्यछायेचा प्रदेश’ असे लिहावे. वाचनाचा क्रमही तपासावा. पॉवरपॉइंटमध्ये अल्ट आणि एफ-१० दाबल्यावर उघडणाऱ्या यादीत सर्वांत खालची वस्तू सर्वांत आधी वाचली जाते. शीर्षक त्या यादीत वर अडकले असेल तर श्रोत्याला आधी तळटीप आणि शेवटी विषय ऐकू येतो.

चित्रांचे पर्यायी वर्णन, म्हणजे चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो तो मजकूर, लिहिणे हा या साऱ्या कामातला सर्वांत विचार करायला लावणारा भाग आहे. गूगल स्लाइड्समध्ये चित्र निवडून कंट्रोल, अल्ट आणि वाय या कळा दाबल्या की वर्णनाची चौकट उघडते. महाराष्ट्राच्या पर्जन्यमानाचा नकाशा लावला असेल तर ‘नकाशा’ एवढे लिहून काहीच हाती लागत नाही आणि प्रत्येक जिल्ह्याच्या रंगाचे वर्णनही निरुपयोगी ठरते. तो नकाशा आपण कशासाठी दाखवतो आहोत, ते लिहावे: ‘कोकण आणि घाटमाथ्यावर सर्वाधिक पाऊस, सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत झपाट्याने घट, पूर्व विदर्भाकडे पुन्हा वाढ.’ केवळ शोभेच्या नक्षीला मात्र पॉवरपॉइंटमध्ये ‘सजावटीची’ अशी खूण करावी, म्हणजे ती वाचण्यात श्रोत्याचा वेळ जात नाही. शासन निर्णयाच्या पानाचे छायाचित्र जसेच्या तसे चिकटवण्याची आपल्याकडे फार सवय आहे. माझ्या मते ती मोडायलाच हवी: ज्या दोन ओळींवर बोलायचे आहे त्या टंकित कराव्यात आणि मूळ दस्तऐवजाचा दुवा द्यावा. दुव्यावरही ‘येथे क्लिक करा’ न लिहिता दस्तऐवजाचे नाव लिहावे.

अल्पदृष्टी असलेल्यांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील फरक ठळक हवा. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २.२ आवृत्तीत या दोन्हींच्या उजळपणाचे प्रमाण साध्या मजकुरासाठी किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३:१ असे सांगितले आहे. पांढऱ्यावर पिवळे अक्षर यात कधीच बसत नाही. देवनागरीत मात्रा, अनुस्वार आणि उकार ओळीच्या वर-खाली जात असल्याने दोन ओळींत थोडे अधिक अंतर ठेवावे. आलेखातील तांबडी आणि हिरवी रेघ रंगांधळेपण असलेल्याला सारखीच भासू शकते, म्हणून रेघेवरच तिचे नाव लिहावे. सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा लुकलुकणारे काहीही ठेवू नये, कारण त्याने अपस्माराच्या रुग्णाला झटका येऊ शकतो.

प्रत्यक्ष सत्राच्या वेळी एक गोष्ट विसरून चालत नाही: आपण पडदा दाखवतो तेव्हा समोरच्याच्या स्क्रीन रीडरला ते केवळ हलते चित्र असते, त्यातले एक अक्षरही त्याला वाचता येत नाही. यासाठी फाइल आधीच पाठवावी, स्लाइड बदलताना तिचे शीर्षक मोठ्याने वाचावे आणि ‘हे इथे बघा’ म्हणण्याऐवजी काय आहे ते शब्दांत सांगावे. कर्णबधिर श्रोत्यांसाठी आपोआप उमटणाऱ्या कॅप्शनवर विसंबू नये. गावांची नावे आणि पारिभाषिक शब्द त्यात चुकतात, म्हणून भाषणाची लिखित प्रत द्यावी. सांकेतिक भाषेचा दुभाषी असेल तर त्याची चौकट सतत पडद्यावर ठेवावी आणि नवी स्लाइड आल्यावर क्षणभर थांबावे, कारण श्रोत्याला त्याच डोळ्यांनी दुभाषीही पाहायचा असतो आणि स्लाइडही वाचायची असते.

नंतर पीडीएफ द्यायची असल्यास ती छपाईच्या आज्ञेने काढू नये. ‘सेव्ह अॅज’मधून, सुगम्यतेच्या खुणांचा पर्याय चालू ठेवून काढावी, नाहीतर शीर्षके आणि वर्णने यांवर घेतलेली मेहनत वाया जाते.

पॉवरपॉइंटच्या ‘रिव्ह्यू’ टॅबमधील सुगम्यता तपासणी राहून गेलेली वर्णने दाखवते, पण वर्णन अर्थपूर्ण आहे की नाही हे तिला कळत नाही. त्यासाठी विंडोजवर एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर घ्यावा. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये त्याची सुरुवात केली. संगणकाचा पडदा बंद करावा, माउस बाजूला ठेवावा आणि केवळ कळफलकाच्या आधारे आपल्या स्लाइड्स पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकाव्यात. एखाद्या ठिकाणी नुसतेच ‘चित्र’ असे ऐकू आले, तर तिथेच थांबून वर्णन लिहावे आणि ती स्लाइड पुन्हा ऐकावी.