जर्मनीत पोचल्यावर आनमेल्डुंग आणि परवान्याच्या या चुका टाळा

मी कोथरूडला जर्मन शिकवते. त्याआधी बरीच वर्षं तिकडे नोकरी केली. दर सप्टेंबर-ऑक्टोबरात इथून मुलं जातात आणि जानेवारी उजाडला की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न सुरू होतात. निघताना या मुलांना श्पेर्कोंटोतले (खर्चासाठी आधीच पैसे भरून ठेवायच्या ब्लॉक्ड अकाउंटमधले) ११,९०४ युरो तोंडपाठ असतात, एपीएसचं (इथली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पाकिटात असतं, मेतकूट आणि गोडा मसाला वजनकाट्यावर तोलून बॅगेत गेलेला असतो. पोचल्यावर पहिल्या पंधरवड्यात काय करायचं, या प्रश्नाला मात्र एकच उत्तर: "तिथे गेल्यावर बघू."

तर तिथे गेल्यावर दोन वेगळी कामं असतात आणि ती दोन वेगळ्या ऑफिसांत होतात. पहिलं आनमेल्डुंग, म्हणजे राहत्या पत्त्याची नोंद. ती ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या कामांसाठीच्या शहराच्या ऑफिसात होते, घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत. दुसरं म्हणजे राहण्याचा परवाना. तो आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी लोकांचं ऑफिस देतं आणि त्यासाठी व्हिसा संपायच्या आत अर्ज करावा लागतो. आनमेल्डुंगचा कागद हातात पडला की "झालं मॅम, रजिस्ट्रेशन झालं" असा मेसेज येतो. काही झालेलं नसतं. तुम्ही कुठे राहता एवढंच सरकारला कळलेलं असतं.

पत्ता विकत घेणं

ही माझी खास नावडती चूक, म्हणून यावर जरा सविस्तर.

जर्मनीत घर मिळणं अवघड आहे, हे मान्य. म्युनिक, बर्लिन, फ्रँकफुर्टला तर विचारूच नका. मग मुलं मिळेल ती खोली घेतात आणि जाहिरातीतलं "आनमेल्डुंग होणार नाही" हे वाक्य वाचूनही न वाचल्यासारखं करतात. आनमेल्डुंगसाठी घर देणाऱ्याचं सहीचं पत्र लागतं. नोव्हेंबर २०१५ पासून ते सक्तीचं आहे. त्यात घर देणाऱ्याचं नाव, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्यांची नावं हवीत. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार नोंदवला की गॅसपासून बँकेपर्यंत सगळीकडे तोच पुढे करायची सवय असते. तिकडे नुसता भाडेकरार चालत नाही, हे पत्रच लागतं. तुम्ही कुणाच्या भाड्याच्या घरातली एक खोली घेतली असेल तर मूळ भाडेकरू हे पत्र देऊ शकतो, पण पोटभाडेकरू ठेवायला मालकाची परवानगी आहे ना, हे आधी विचारा. पैसे भरण्याआधी. नंतर विचारून काय उपयोग?

माझा एक विद्यार्थी, हुशार, जर्मनची बी१ पातळीची परीक्षा पहिल्या फटक्यात काढलेला. त्याला खोली मिळाली ती अशीच, आनमेल्डुंगशिवायची. टेलिग्रामवर कुणीतरी त्याला पैसे घेऊन पत्ता द्यायला तयार होता. मला विचारलं, मी सरळ नाही म्हटलं. "दोन-तीन महिन्यांचाच प्रश्न आहे मॅम, मग बदलतो," म्हणाला आणि घेतलाच. आनमेल्डुंग झालं. स्वारी खूश.

मग पत्रं निघाली. जर्मनीत सरकार, बँक, विमा कंपनी सगळे अजून कागदावर लिहितात आणि तो कागद नोंदवलेल्या पत्त्यावर जातो. अकरा आकडी टॅक्स नंबर तिकडे गेला. बँकेच्या कार्डाचा पिन तिकडे गेला. ज्याने पत्ता विकला तो सुरुवातीला पत्रांचे फोटो काढून पाठवायचा, मग त्याने नंबरच बदलला. त्या दरवाज्यावरच्या पत्रपेटीवर या मुलाच्या नावाची पट्टीही नव्हती, त्यामुळे पोस्टमन पाकिटं परत पाठवू लागला. त्यातच आउसलेंडरबेहोर्डेचं अपॉइंटमेंटचं पत्र होतं. ठरलेल्या दिवशी हा गेला नाही, कारण त्याला तो दिवसच माहीत नव्हता. ऑफिसच्या लेखी हा माणूस बोलावूनही आला नाही.

इकडे त्याचे वडील माझ्या क्लासवर आले. चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "अहो मॅडम, पण एवढं महत्त्वाचं पत्र पोस्टाने कशाला पाठवतात? सरळ मेल करायचा ना!" मी त्यांना पाणी दिलं. जर्मन सरकारच्या वतीने मी काय बोलणार?

शेवटी त्याला विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली, खरं आनमेल्डुंग झालं आणि तो ऑफिसात जाऊन सगळं खरं सांगून आला. परवाना मिळाला, पण तोवर त्याचं पहिलं सेमिस्टर या धावपळीतच गेलं. आणि तो स्वस्तात सुटला असं मी म्हणेन. खोट्या पत्त्यासाठी पत्ता पुरवणाऱ्याला ५०,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वेळेत किंवा खरी नोंद न करणाऱ्याला १,००० पर्यंत. "सगळेच करतात" म्हणणाऱ्यांपैकी दंड भरायला कुणीच येत नाही.

मी स्वतः काय सांगते? पहिले दोन-तीन महिने महाग पडली तरी चालेल, पण घर देणारा सहीचं पत्र देईल अशीच खोली घ्या. युनिव्हर्सिटीचं प्रवेशपत्र आलं की त्याच दिवशी वसतिगृहाला अर्ज टाका, व्हिसाची वाट बघत बसू नका. आणि खोलीची किल्ली मिळाली की पहिलं काम म्हणजे पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगचं आडनाव पत्रपेटीवर आणि बेलवर चिकटवणं. सुटकेसचं कुलूप नंतर उघडा.

अपॉइंटमेंट मिळत नाही म्हणून हातावर हात ठेवून बसणं

ब्युर्गरआम्टची अपॉइंटमेंट दोन आठवड्यांत न मिळणं ही मोठ्या शहरांत रोजची गोष्ट आहे. बर्लिनमध्ये शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टमध्ये जाता येतं, घराजवळचंच हवं असा हट्ट धरू नका. सकाळी ऑफिस उघडायच्या सुमारास साइट बघा. लोक रद्द करतात, तारखा सुटतात. मिळालेल्या तारखेचा स्क्रीनशॉट ठेवा. तारीखच उशिराची मिळाली म्हणून थोडा उशीर झाला तर सहसा कुणी अंगावर येत नाही.

परवान्याचं मात्र तसं नाही. बहुतेकांच्या व्हिसावर तीन ते सहा महिने असतात, काहींना वर्षभराचा मिळतो. व्हिसा फेब्रुवारीत संपतोय, ऑफिसने तारीख एप्रिलची दिली, आणि पोरं निवांत: "तारीख मिळालीये ना मॅम." अरे, नुसती तारीख मिळवणं म्हणजे अर्ज नव्हे! कायद्याच्या नजरेत महत्त्वाचं काय, तर व्हिसाची मुदत संपायच्या आत तुमचा अर्ज त्यांच्याकडे पोचला की नाही. पोचला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना व्हिसा चालू आहे असं धरलं जातं आणि तसा कागद मिळतो, त्याचं नाव फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. (उच्चार जमत नसेल तर काउंटरवर चिठ्ठी दाखवा, ते हसत नाहीत.) एक दिवस उशीर झाला तरी तुम्ही त्या देशात बेकायदा राहताय, आणि मग सगळं समोरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर.

म्हणून अर्ज व्हिसा संपायच्या दोन-अडीच महिने आधी करायचा. त्या शहराच्या ऑफिसच्या साइटवर जो मार्ग दिलाय त्याच मार्गाने: पोर्टल असेल तर पोर्टल, नाहीतर ईमेल किंवा पोस्ट. पोस्टाने पाठवायचं असेल तर मी रजिस्टर्डच पाठवायला लावते, पोचपावतीसकट. पोर्टलवरून भरलात तर शेवटचं पान पीडीएफ करून ठेवा. एखादा कागद बाकी असेल, विम्याचं पत्र अजून आलं नसेल, तरी अर्ज टाका आणि "हे नंतर देतो" असं लिहा. सगळे कागद जमवून एकदम फाइल द्यायची, ही आपली सवय इथे अंगाशी येते.

फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंगच्या कागदावरून दुसरा गोंधळ. त्यावर तीन चौकटी असतात. तिसऱ्या चौकटीत खूण असेल, म्हणजे तुमचा व्हिसा पुढे चालू धरलाय, तर तो कागद आणि पासपोर्ट घेऊन परत जर्मनीत शिरता येतं. दुसरी कुठलीही खूण असेल तर बाहेर पडू नका. आणि नुसती "अर्ज मिळाला" अशी ईमेल असेल तर मुळीच नाही. सिंहगड रोडची एक मुलगी बहिणीच्या लग्नाला अशा ईमेलच्या भरवशावर आली. लग्न झकास झालं. परतीच्या वेळी एअरलाइनच्या काउंटरवर तिला थांबवलं, आणि मग पुन्हा व्हिसाचा अर्ज, पुन्हा वाट बघणं, तिकडे रिकाम्या खोलीचं भाडं चालू.

बाकीच्या, भराभर

प्रवासाचा विमा परवान्याला चालत नाही. तिशीच्या आत असाल तर विद्यार्थ्यांचा सरकारी विमा घ्या. स्वस्त खासगी विमा विकणारे सीनियर कमिशन खातात, एवढंच बोलते.

आनमेल्डुंगच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलंत तर नोकरी लागल्यावर इन्कम टॅक्सच्या वर चर्चचा कर कापला जातो: बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत टॅक्सच्या ८ टक्के, इतरत्र ९. कॅम्पातल्या माझ्या एका विद्यार्थिनीने हे पगाराच्या चिठ्ठीवरच पहिल्यांदा वाचलं. श्रद्धा असेल तर जरूर लिहा, पण माहीत असून लिहा.

पुण्यातून पासपोर्ट फोटोंचा गठ्ठा नेऊ नका. १ मे २०२५ पासून कागदी फोटोचे दिवस संपले; मान्यता असलेल्या स्टुडिओतून किंवा ऑफिसातल्या मशीनवर डिजिटल फोटो काढावा लागतो.

नवरा-बायको जाणार असाल तर निघण्यापूर्वी सगळी नावं एका टेबलावर मांडून बघा. पासपोर्टवर माहेरचं नाव, मॅरेज सर्टिफिकेटवर सासरचं, डिग्रीवर मधलं नाव गायब, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. आपल्याला त्यात काही वाटत नाही, तिकडचा क्लार्क मात्र या तीन वेगवेगळ्या बायका आहेत असं समजतो. हे क्षेत्रीय कार्यालयात आणि पासपोर्ट ऑफिसात इथेच निस्तरा. तिकडून वकिलातीमार्फत करणं म्हणजे वेळही जातो आणि पैसाही.

घर बदललं की पुन्हा दोन आठवड्यांत नवीन नोंद. त्याच शहरात, त्याच गल्लीत बदललं तरी.

आनमेल्डुंगनंतर काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. "माझ्याकडे टीव्हीच नाही" म्हणून ते पत्र फाडणारे दरवर्षी भेटतात. ते फसवणुकीचं नाही आणि टीव्हीशी त्याचा संबंधही नाही. ही वर्गणी प्रत्येक घरामागे असते. घरात चौघं राहत असाल तर एकानेच भरायचं, बाकीच्यांनी त्याचा वर्गणीचा नंबर कळवायचा.

आणि कायमचे परत येणार असाल तर आबमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद रद्द, करून या. ते निघण्याच्या आठवडाभर आधीपासून करता येतं, निघाल्यावर दोन आठवड्यांपर्यंत. त्याचा कागद जपून ठेवा, कारण विमा बंद करायला आणि ही वर्गणी थांबवायला तोच मागतात.