वृद्धांमधील मूत्रपिंडविकार आणि डायलिसिस: संशोधनातील आकडे वाचताना या चुका टाळा

कृत्रिम मूत्रपिंडामुळे प्राण वाचलेली पहिली रुग्ण ६७ वर्षांची स्त्री होती. नेदरलँड्समधील कांपेन येथे १९४५ साली विलेम कोल्फ यांनी आपल्या फिरत्या पिंपाच्या यंत्रावर तिचे रक्त शुद्ध केले, ती बेशुद्धीतून बाहेर आली आणि पुढे तिची स्वतःची मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागली. त्यानंतर दोन दशके उलटण्यापूर्वीच सिॲटल येथे दीर्घकालीन डायलिसिससाठी रुग्ण निवडण्याची वेळ आली, तेव्हा यंत्रे मोजकी असल्याने पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना यादीबाहेर ठेवले गेले. आज अनेक देशांत डायलिसिस सुरू करणाऱ्यांमध्ये पासष्टीपुढील रुग्णांचा वाटा मोठा आहे. उपचारांचे पुष्कळसे दाखले मात्र अजूनही त्यांच्याहून तरुण आणि धडधाकट रुग्णांवरून घेतलेले आहेत. पुढे ज्या चुकांचा विचार केला आहे, त्या बहुतेक एकाच मुळातून फुटतात. आकडा कोणावरून काढला, कोणत्या दिवसापासून मोजला आणि नेमके काय मोजले, हे न विचारताच तो समोरच्या ऐंशी वर्षांच्या माणसाला लावला जातो.

एका अहवालावर निदान ठरवणे

रक्ताच्या अहवालात छापलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळणक्षमतेचा अंदाज, हे प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. रक्तातील क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून तो सूत्राने काढलेला असतो आणि क्रिएटिनिन हे स्नायूंपासून तयार होते. वृद्धापकाळी स्नायू झिजलेले असले की क्रिएटिनिन कमी तयार होते, त्यामुळे मूत्रपिंडे थकलेली असूनही आकडा समाधानकारक दिसतो. दोन-तीन आठवडे अंथरुणाला खिळून राहिलेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन उतरले म्हणून घरच्यांना हायसे वाटते, पण पुष्कळदा मूत्रपिंडे सुधारलेली नसतात, मांड्या वाळलेल्या असतात. अशा वेळी सिस्टॅटिन सी या दुसऱ्या घटकाची तपासणी उपयोगी पडते, कारण तो स्नायूंवर फारसा अवलंबून नसतो. अर्थात स्टेरॉइड औषधे, थायरॉइडचे विकार आणि शरीरातील दाह यांचा त्याच्यावरही परिणाम होतो, हे ध्यानात ठेवावे लागते.

उलट दिशेची चूकही तितकीच सर्रास होते. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार ईजीएफआर ६० पेक्षा कमी असणे किंवा मूत्रपिंडाला इजा झाल्याची अन्य खूण आढळणे, आणि ही स्थिती तीन महिन्यांहून अधिक टिकणे, म्हणजे दीर्घकालीन मूत्रपिंडविकार. वयपरत्वे गाळणक्षमता थोडीथोडी घटतच असते. त्यामुळे ८२ व्या वर्षी ५४ हा आकडा, लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन जात नसताना आणि वर्षानुवर्षे स्थिर असताना, घाबरण्याजोगा असतोच असे नाही. पण त्याच आकड्यासोबत लघवीत भरपूर अल्ब्युमिन जात असेल तर प्रकरण वेगळे असते. लघवीतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर न पाहता केवळ रक्ताच्या आकड्यावर बोलणे म्हणजे अर्धे पत्र वाचून उत्तर धाडण्यासारखे आहे.

आकडा अचानक घसरला असेल तर पहिला संशय दीर्घकालीन आजारावर घेऊ नये. जुलाब-उलट्यांमुळे झालेले निर्जलीकरण, वाढलेल्या प्रोस्टेटमुळे अडलेली लघवी, नुकतीच सुरू केलेली वेदनाशामक गोळी किंवा अंगात मुरलेला संसर्ग ही कारणे आधी तपासावीत, कारण ती दूर करता येतात. कोल्फ यांच्या त्या रुग्णाचे मूत्रपिंड निकामी होणेही तात्पुरतेच होते. तीव्र बिघाडात रुग्णालयातच डायलिसिस सुरू झालेल्या वृद्धांपैकी काहींची मूत्रपिंडे नंतर सावरतात. म्हणून ‘आता हे जन्मभर’ असे पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकणे आणि पुढे लघवीचे प्रमाण व रक्ताचे आकडे पुन्हा पडताळणे सोडून देणे, ही चूक रुग्णाला फार महागात पडते.

टप्पा म्हणजेच भवितव्य समजणे

दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे ईजीएफआरनुसार टप्पे पाडतात. त्यांतला ‘चौथा टप्पा’ (ईजीएफआर १५ ते २९) ऐकले की घरात डायलिसिसची भाषा सुरू होते. अमेरिकेतील दोन लाखांहून अधिक माजी सैनिकांच्या नोंदींवर आधारलेला, २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या भीतीला वेगळी बाजू दाखवतो. त्यात ६५ ते ८४ वयोगटात ईजीएफआर १५ च्या खाली गेल्यावरच मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्याची शक्यता मृत्यूच्या शक्यतेपेक्षा अधिक होती. त्याहून वृद्ध गटात तर मृत्यूचीच शक्यता सर्व पातळ्यांवर अधिक राहिली. म्हणजे याच टप्प्यातील बहुतेक वृद्धांच्या वाट्याला डायलिसिस येतच नाही आणि त्यांची खरी लढाई हृदय, मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि संसर्ग यांच्याशी असते.

टप्प्याऐवजी विचारावा असा प्रश्न म्हणजे ‘येत्या दोन किंवा पाच वर्षांत मूत्रपिंडे निकामी होण्याची शक्यता किती?’. २०११ साली मांडलेले चार घटकांचे सूत्र वय, लिंग, ईजीएफआर आणि लघवीतील अल्ब्युमिन यांवरून तो अंदाज देते. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२४ मधील आवृत्तीत, दोन वर्षांतील ही शक्यता ४० टक्क्यांहून अधिक असल्यास डायलिसिस किंवा प्रत्यारोपणाची तयारी सुरू करण्याचा विचार सुचवला आहे. रुग्ण अन्य आजाराने आधी जाण्याची शक्यता या सूत्रात धरलेली नाही, त्यामुळे अतिवृद्धांमध्ये ते धोका किंचित फुगवून दाखवू शकते. तरीही नुसत्या टप्प्यापेक्षा ते कितीतरी बरे.

घाई करणे, आणि मग तोच दाखला उलटा वाचणे

डायलिसिस लवकर सुरू केले तर शरीर लवकर सावरेल, हा समज ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये झालेल्या ‘आयडियल’ चाचणीने खोडून काढला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ८२८ प्रौढांना यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले होते: एका गटाने गाळणक्षमता १० ते १४ असताना सुरुवात करायची आणि दुसऱ्याने ५ ते ७ पर्यंत थांबायचे. आयुर्मानात फरक पडला नाही.

यातून ‘पाचपर्यंत थांबा’ असा अर्थ काढणारेही भेटतात. तो चुकीचा आहे, कारण थांबण्याच्या गटातील सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना लक्षणांमुळे ठरवलेल्या पातळीच्या आधीच डायलिसिस सुरू करावे लागले. चाचणीने सिद्ध केले ते एवढेच, की लक्ष ठेवून लक्षणांनुसार सुरुवात केल्याने नुकसान होत नाही. शिवाय सहभागींचे सरासरी वय साठीच्या आसपास होते. ऐंशीच्या घरातील माणसाची लक्षणेही इतकी सरळ नसतात: थकवा, भूक मंदावणे, खाज, झोपेची तक्रार यांमागे युरेमिया, म्हणजे रक्तात साचलेली टाकाऊ द्रव्ये, असू शकतो, तसेच हृदयाची दुर्बलता, रक्तक्षय, नैराश्य किंवा औषधांचा अतिरेकही असू शकतो. डायलिसिस सुरू करूनही थकवा हटला नाही, अशी तक्रार ऐकू येते त्याचे एक कारण हेच आहे की तो थकवा मूत्रपिंडाचा नव्हताच.

‘डायलिसिसने आयुष्य किती वाढते?’ याचे उत्तर एका आकड्यात घेणे

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो, म्हणून थोडे थांबून पाहू. डायलिसिस घेणारे आणि डायलिसिसविना उपचार घेणारे यांची तुलना करणारे बहुतेक अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. त्यांत कोणी कोणता मार्ग घ्यावा हे चिठ्ठीने ठरलेले नसते; रुग्णाची ताकद, हृदयाची स्थिती, घरचा आधार आणि डॉक्टरांचा कल यांवरून ठरलेले असते. मुळात अधिक सशक्त असलेले डायलिसिसकडे जातात आणि नंतर ते अधिक जगले म्हणून श्रेय यंत्राला दिले जाते.

दुसरा सापळा मोजणीच्या पहिल्या दिवसाचा आहे. एका गटाचे आयुष्य डायलिसिसच्या पहिल्या दिवसापासून मोजले आणि दुसऱ्याचे ईजीएफआर एका पातळीखाली गेल्या दिवसापासून, तर दोन्ही आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. डायलिसिस सुरू होण्याआधीच दगावलेला माणूस पहिल्या गटात मोजलाच जात नाही, ही बाब तर वाचणाऱ्याच्या नजरेतून हमखास सुटते.

हे ध्यानात ठेवून काही निष्कर्ष पाहावेत. इंग्लंडमधील १२९ रुग्णांच्या २००७ मधील अभ्यासात पंचाहत्तरीपुढील रुग्णांना डायलिसिसचा लाभ दिसला, परंतु अन्य गंभीर आजार, विशेषतः हृदयाला अपुरा रक्तपुरवठा, असलेल्यांमध्ये तो जवळजवळ नाहीसा झाला. इंग्लंडमधीलच २००९ मधील दुसऱ्या अभ्यासात सत्तरीपुढील डायलिसिस गटाचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ३७.८ महिने, तर डायलिसिसविना उपचारांच्या गटाचे १३.९ महिने होते. मात्र रुग्णालयाबाहेर काढलेले दिवस दोन्ही गटांत जवळपास सारखेच भरले. हा शेवटचा भाग गाळून केवळ ३७.८ आणि १३.९ सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो, तरी ऐकणाऱ्याची दिशाभूल होतेच.

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या नोंदींवरून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे दोष टाळण्यासाठी, नोंदींतूनच यादृच्छिक चाचणीची नक्कल करण्याची पद्धत वापरली. पासष्टीपुढील, ईजीएफआर १२ पेक्षा कमी असलेल्या आणि प्रत्यारोपणाच्या वाटेवर नसलेल्या २०,४४० रुग्णांमध्ये, लगेच डायलिसिस सुरू करणारे हे ते कधीच न घेणाऱ्यांपेक्षा तीन वर्षांच्या कालावधीत सरासरी सुमारे ७७ दिवस अधिक जगले, पण घरी काढलेले त्यांचे दिवस सुमारे १५ ने कमी भरले. गरज भासेपर्यंत थांबण्याशी तुलना केली तेव्हा आयुष्यातील फरक अवघा नऊ दिवसांचा होता. सहभागी जवळजवळ सगळे पुरुष होते, ही मर्यादा आहेच, आणि सरासरीत एखाद्याचे पाच वर्षांचे चांगले आयुष्यही बुडालेले असू शकते. तरी ‘घरी काढलेले दिवस’ मोजण्याची ही रीत मला महत्त्वाची वाटते, कारण वृद्ध माणसे बहुधा त्याच मापाने विचार करतात.

भयावह आकडा सर्वांना लावणे

२००९ साली अमेरिकेतील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या ३,७०२ डायलिसिस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डायलिसिस सुरू झाल्यापासून वर्षभरात ५८ टक्के रुग्ण दगावले आणि केवळ १३ टक्क्यांची दैनंदिन कामे करण्याची पूर्वीची क्षमता टिकली. हा अभ्यास महत्त्वाचा आहे, पण ‘म्हातारपणी डायलिसिस घेऊच नये’ या मताच्या पुष्टीसाठी तो वापरणे गैर आहे. हे लोक आधीपासूनच परावलंबी होते आणि डायलिसिस न घेतलेला तुलनेचा गट त्यात नव्हता. स्वतः चालत येणाऱ्या, एकटीने घर चालवणाऱ्या ७८ वर्षांच्या बाईंना तो आकडा सांगून परावृत्त करणे, हे साठीच्या रुग्णांचा आशादायक आकडा नव्वदीच्या माणसाला सांगण्याइतकेच चुकीचे आहे. वयापेक्षा चालण्याचा वेग, वजनातील घट, स्मृती आणि अन्य आजार यांवरून अधिक कळते.

फिस्टुला, गोळ्या आणि आहार

डायलिसिससाठी रक्त यंत्राकडे नेण्याची सोय मोठ्या शिरेत नळी (कॅथेटर) घालून किंवा हाताची धमनी आणि शीर जोडून (फिस्टुला) करतात. कॅथेटरपेक्षा हातावरील फिस्टुला असलेले रुग्ण अधिक जगतात, हे खरे असले तरी त्यातही तीच गोम आहे: फिस्टुला ज्यांना जमते ते मुळात अधिक सशक्त असतात. वृद्धांत ती पक्व न होण्याचे प्रमाण अधिक असते आणि कधी तिचा वापर होण्याआधीच रुग्ण जातो, म्हणून २०१९ पासून अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वे सरसकट आग्रहाऐवजी व्यक्तीनुसार योजनेवर भर देतात.

औषधांबाबत दोन टोके टाळावीत. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन आणि बॅक्लोफेन यांचा डोस मूत्रपिंडानुसार कमी केला नाही तर गुंगी आणि भ्रम होतो, आणि घरचे त्याला विस्मरणाचा आजार समजतात. उलट, आकडा खालावला म्हणून रक्तदाबाच्या, नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या गटांतील गोळ्या घाईने बंद करण्याचाही लाभ नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ४११ रुग्णांच्या चाचणीत त्या थांबवल्याने तीन वर्षांनंतर मूत्रपिंडे अधिक चांगली राहिली नाहीत. पोटॅशियम फार वाढले किंवा रक्तदाब फार उतरला तर गोष्ट वेगळी. आहारातील प्रथिने तोडताना मात्र वृद्धांच्या बाबतीत हात आखडावा, कारण अशक्त माणसाचे उरलेसुरले स्नायू त्यात जातात. डायलिसिस सुरू झाल्यावर तर प्रथिनांची गरज वाढते.

डायलिसिस नको म्हणजे उपचार नकोत, असे समजणे

डायलिसिसविना सर्वंकष उपचार ही स्वतंत्र पद्धत आहे. त्यात सूज, धाप, खाज, रक्तक्षय, वेदना आणि मनःस्थिती यांची नियमित देखभाल होते. कॅनडातील ५८४ रुग्णांच्या २०१० मधील पाहणीत ६१ टक्क्यांनी डायलिसिस सुरू केल्याचा पश्चात्ताप व्यक्त केला. ५२ टक्क्यांनी तो निर्णय डॉक्टरांच्या, तर १४ टक्क्यांनी कुटुंबाच्या इच्छेखातर घेतल्याचे सांगितले. ही एका प्रांतातील पाहणी आहे, तरी निर्णय नेमका कोणाचा, हा प्रश्न तिने नीट उभा केला.

निर्णय होतच नसेल तेव्हा मुदतबंद प्रयोग, म्हणजे ठरावीक मुदतीपुरते डायलिसिस करून पाहणे, हा मार्ग असतो. तो बहुधा फसतो, कारण मुदत आणि कसोटी दोन्ही तोंडीच राहतात. पहिल्या सत्रापूर्वीच कागदावर लिहावे की किती आठवड्यांनी पुन्हा बसायचे, कोणत्या गोष्टी सुधारल्या तर पुढे जायचे, प्रत्येक सत्रानंतर पूर्ववत वाटायला किती तास लागतात याची नोंद कोण ठेवणार, आणि रुग्ण स्वतः बोलू शकला नाही तर त्याच्या वतीने कोण बोलणार. त्या कागदाची एक प्रत रुग्णाच्या हाती आणि एक डायलिसिस केंद्रातील फाइलमध्ये असावी.