जूनची फेरी की डिसेंबरची? एफएमजीई कधी द्यायची हे ठरवण्याआधीची तयारी

सगळ्यात आधी डिग्रीवरची तारीख बघा. पुस्तकं, क्लास, अभ्यासिका हे सगळं त्यानंतर. एफएमजीई, म्हणजे परदेशात डॉक्टरीची पदवी घेतलेल्यांना भारतात डॉक्टरकी करण्यासाठी पास व्हावी लागणारी परीक्षा, वर्षातून दोनदा होते आणि प्रत्येक फेरीला कट-ऑफ तारीख असते: जूनच्या फेरीसाठी 30 एप्रिल, डिसेंबरच्या फेरीसाठी 31 ऑक्टोबर. त्या तारखेपर्यंत वैद्यकीय पदवी मिळालेली असली पाहिजे. ज्यांची पदवी जून-जुलैत होते त्यांना त्या वर्षीची जूनची फेरी मिळतच नाही, डिसेंबरचीच मिळते. घरात कुणी "आल्या आल्या देऊन टाक" म्हणत असेल तर त्यांच्यासमोर ही तारीख ठेवा. निम्मा वाद तिथेच मिटतो.

फेरीच्या नावावरून महिना धरू नका. डिसेंबर 2024 ची परीक्षा झाली 12 जानेवारी 2025 ला, आणि जून 2025 ची 26 जुलैला. आपल्या सोलापुरात याचा अर्थ सरळ आहे. डिसेंबरची फेरी जानेवारीत सरकली की ती गड्ड्याच्या यात्रेवर येऊन पडते. सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, घरी गावाकडचे पाहुणे, अंथरुणं हॉलपर्यंत पसरलेली. जूनची फेरी घ्याल तर अभ्यासाचे कळीचे महिने एप्रिल-मे, आणि इथला मे कसा असतो ते मी सांगायला नको. दोन्हींत अडचण आहे, तेव्हा कोणती अडचण तुमच्या घराला पेलते ते आजच ठरवा. यात्रेत शांत खोली लागणार असेल तर ते आईला ऑक्टोबरातच सांगून ठेवा, संक्रांतीच्या आदल्या दिवशी नको.

आता कागद. हा भाग मी लांबवून सांगणार आहे, कारण माझे अडीच महिने इथेच गेले. मी जुलैत परत आले. डिसेंबरच्या फेरीला साडेपाच-सहा महिने आहेत असा हिशेब मांडून निवांत होते. डिग्री उघडून नीट बघितली ती ऑगस्टमध्ये. पासपोर्टवरच्या बाबांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एकच ए होता, डिग्रीवर दोन. विद्यापीठाला मेल केले, तिथली उन्हाळी सुट्टी संपायची वाट पाहिली, मग इथे प्रतिज्ञापत्र, भाषांतर, नोटरी. बाबा यंत्रमागावरची पाळी संपवून माझ्याबरोबर कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याकडे येऊन बसायचे. सगळं हातात आलं तेव्हा ऑक्टोबर अर्धा संपला होता. त्या अडीच महिन्यांत मी रोज पुस्तक उघडत होते, पण डोकं मेलबॉक्समध्ये असायचं. म्हणून माझा पहिला नियम: महिने मोजताना कागदांचे दिवस वजा करा. जे उरतात तेवढेच अभ्यासाचे.

तर विमानात बसण्याआधीच, तिथे असतानाच, डिग्रीवरचं, ट्रान्सक्रिप्टवरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. चूक असेल तर तिथल्या डीन ऑफिसात एका दिवसात होणारं काम इथून दोन महिने खातं. पदवीवर त्या देशाचं अपोस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) किंवा तिथल्या भारतीय दूतावासाचं साक्षांकन लागतं, तेही तिथूनच करून आणा. मूळ कागद इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर जोडा. नीटचा निकाल शोधून ठेवा. 18 नोव्हेंबर 2021 नंतर प्रवेश घेतलेल्यांना 54 महिन्यांचा अभ्यासक्रम आणि त्याच विद्यापीठात 12 महिन्यांची इंटर्नशिप हा नियम लागू आहे. त्याचे दाखले वेगळे मागून घ्या.

फॉर्म परीक्षेच्या साधारण दीड ते अडीच महिने आधी निघतो. कागद तयार असतील तर भरून टाका. फोटो, सही, अंगठा हे सांगितलेल्या मापातच स्कॅन करा आणि त्रुटी दुरुस्तीसाठी दिलेले दिवस कॅलेंडरवर लिहा.

अभ्यास किती झाला म्हणजे बसावं? इथे दोन टोकाच्या चुका होतात आणि दोन्ही मी जवळून पाहिल्यात. एक म्हणजे "अनुभव म्हणून देऊन बघू". मी पहिल्यांदा तशीच बसले आणि 300 पैकी 141 आले. पास व्हायला 150 लागतात. त्या नऊ मार्कांनी आमच्या घरात दोन महिने कुणी मोठ्याने बोललं नाही. अनुभव हवा असेल तर तो मॉक टेस्टमधून घ्या, खऱ्या परीक्षेतून नको. दुसरी चूक त्याच्या उलट: एकोणीसच्या एकोणीस विषय पाठ झाल्याशिवाय बसायचंच नाही. माझ्या बरोबरीची एक मैत्रीण अशाच दोन फेऱ्या थांबली. ही रँकची परीक्षा नाही. निकाल पास किंवा नापास एवढाच, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. रँक लागते ती पीजीच्या नीटमध्ये, ती परीक्षा वेगळी. 150 ची खात्री झाली की बसायचं, 220 ची वाट बघत बसायचं नाही. आणि नेक्स्ट (एफएमजीईच्या जागी येऊ घातलेली नवी परीक्षा) येणार, मग पॅटर्न बदलणार, म्हणून थांबणारेही भेटतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2019 च्या कायद्यात नेक्स्ट आहे हे खरं, पण आज फॉर्म ज्या परीक्षेचा भरला जातोय तिच्यावरच निर्णय घ्या.

खात्री कशी करायची, तर पूर्ण मॉकने. अर्धवट टेस्ट, विषयवार टेस्ट यावरून काही कळत नाही. खरा पेपर दोन भागांचा आहे, प्रत्येकात 150 प्रश्न आणि अडीच तास. भागाचेही 50-50 प्रश्नांचे तुकडे आहेत, प्रत्येकाला 50 मिनिटं, आणि एक तुकडा लवकर संपला म्हणून पुढचा उघडत नाही. दुसऱ्या वेळी मी गच्चीवरच्या खोलीत मे महिन्याच्या रविवारी हे तसंच्या तसं केलं. सकाळी पहिला भाग, मग ताक-भात, मग दुपारी दुसरा. खाली मागांचा खडखडाट, पत्र्याची शेकोटी झालेली, उत्तरपत्रिकेवर कोपराचा घाम उमटलेला. पहिल्या भागात 91 आले आणि दुसऱ्यात 64. तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की माझं अडतं ते मेडिसिन-सर्जरीत नाही, दुपारी तीननंतर अडतं. पुढचे सहा आठवडे मी दुपारची झोप बंद केली आणि सर्वात अवघड विषय तीन ते पाचमध्ये ठेवला. माझी मोजपट्टी अशी होती: सलग तीन पूर्ण मॉक, वेगवेगळ्या प्रश्नसंचांचे, तिन्हींत 165 च्या वर. परीक्षेच्या दिवशी दहा-पंधरा मार्क जातातच. तीन आठवडे आधीपर्यंत हे जमलं नाही आणि आकडा 130 च्या खाली असेल तर पुढची फेरी घ्या. फी परत मिळत नाही, ती गेली असं समजा. 130 ते 165 च्या मध्ये असाल तर मी म्हणेन, बसा, पण ते तीन आठवडे फक्त मार्क कुठे सांडतात ते शोधण्यात घाला.

मार्क सांडतात ते बहुतेक भारतातल्या गोष्टींवर. कम्युनिटी मेडिसिनला 30 मार्क आहेत आणि परदेशात आपण ते शिकलेलोच नसतो. इथलं लसीकरणाचं वेळापत्रक, क्षयरोगाचा कार्यक्रम, प्राथमिक आरोग्य केंद्राचे निकष. फॉरेन्सिकचे 10 मार्क सोपे असतात, पण 1 जुलै 2024 पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. सीनियरच्या जुन्या नोट्समधली आयपीसीची कलमं पाठ करत बसू नका. स्त्रीरोग आणि प्रसूतीला 30, मेडिसिनला 33, सर्जरीला 32. डोळे, कान-नाक-घसा आणि बालरोग प्रत्येकी 15. हे तीन छोटे विषय दोन आठवड्यांत पक्के होतात आणि 45 मार्क देतात, तरी लोक ते शेवटावर ढकलतात.

घरच्यांशी एकदाच, सगळ्यांसमोर बोला. आमच्याकडे आत्याने मुलगा पाहून ठेवला होता, परीक्षा झाली की बघू म्हणून. मी तिला फेरीचं नाव सांगितलं, मॉकचे आकडे दाखवले आणि म्हटलं, "आत्या, निकाल लागेपर्यंत विचारू नको." तिने खरंच विचारलं नाही. पाण्याच्या दिवशी हंडे भरायला मीच उठायचे, ते मात्र मी सोडलं नाही. पहाटेचा तो एक तास डोक्याला आराम होता.

फॉर्म भरतानाच परीक्षेचं शहर निवडायचं असतं आणि जागा भरत जातात, तेव्हा पहिल्याच दिवशी भरा. पुणे किंवा मुंबई मिळालं तर परीक्षेच्या दिवशीचा प्रवास नको. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा, केंद्र डोळ्यांनी बघून या. प्रवेशपत्राच्या दोन प्रती, मूळ ओळखपत्र, आणि डब्यात आईने दिलेली शेंगाचटणी-भाकरी. दोन भागांच्या मधल्या सुट्टीत बाहेरचं काही खाऊ नका.