लायब्ररीतील कालबाह्य प्रणाली-चाचण्या कशा काढाव्यात

जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर एखादे फंक्शन उपलब्ध आहे की नाही, हे तपासणारा कोड, म्हणजेच प्रणाली-चाचणी, सॉफ्टवेअर लायब्ररीत (इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडच्या संचात) वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. तो काढण्यापूर्वी लायब्ररी किमान कोणत्या आवृत्तीवर चालेल हे ठरवून दस्तऐवजात लिहावे, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्या एका ओळीवर अवलंबून असतो. लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ३.२ ही किमान आवृत्ती ठरली, तर २.६.२८ मध्ये आलेल्या ‘अ‍ॅक्सेप्ट४’ या, येणारी नेटवर्क-जोडणी स्वीकारणाऱ्या सिस्टीम कॉलची (कर्नलकडे केलेल्या मागणीची) चाचणी निरर्थक ठरते.

ही चाचणी बारकाईने पाहण्याजोगी आहे. कॉलने ‘ईनोसिस’ (‘हा कॉल उपलब्ध नाही’) ही त्रुटी दिल्यास साधा ‘अ‍ॅक्सेप्ट’ वापरायचा आणि नंतर ‘एफसीएनटीएल’ने सॉकेटवर (जोडणीच्या टोकावर) क्लोज-ऑन-एक्झेक, म्हणजे नवा प्रोग्राम सुरू होताच ते बंद करणारी खूण, लावायचे, अशी तिची रचना असते. या दोन कॉलांच्या मधल्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने फोर्क (प्रोसेसची प्रत काढणे) आणि एक्झेक (तिच्यात नवा प्रोग्राम सुरू करणे) केले, तर सॉकेट नव्या प्रोग्रामच्या हाती उघडाच जातो. ते टाळण्यासाठी ठेवलेले लॉकही पर्यायी वाट गेल्यावर तिथे लागत नाही. माझ्या मते या कामाचा खरा लाभ हाच आहे.

मात्र प्रत्येक ‘ईनोसिस’ जुन्या कर्नलमुळेच येतो असे नाही. यादृच्छिक बाइट देणारा ‘गेटरँडम’ कॉल कर्नल ३.१७ पासून उपलब्ध असला, तरी सेककॉम्पचे (सिस्टीम कॉल गाळणाऱ्या कर्नल-सुविधेचे) नियम नव्या कर्नलवरही तो अडवू शकतात. म्हणून चाचणी मुळात कशासाठी लिहिली होती, हे गिटच्या (कोडमधील बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) इतिहासात पाहावे आणि कारण सँडबॉक्सचे, म्हणजे अशा नियमांनी प्रोग्रामवर घातलेल्या बंधनाचे, असेल, तर तिला हात लावू नये.

विंडोजवर ‘गेटटिककाउंट६४’ हे, संगणक सुरू झाल्यापासूनचा वेळ सांगणारे फंक्शन व्हिस्टापासून आहे. त्याचा पत्ता ‘गेटप्रोकअ‍ॅड्रेस’ने प्रोग्राम चालू असताना शोधण्याऐवजी ते थेट आयात केले, की व्हिस्टाआधीच्या एक्सपीवर लोडर (प्रोग्राम मेमरीत आणणारा विंडोजचा भाग) तो प्रोग्राम सुरूच होऊ देत नाही, त्यामुळे आपला त्रुटीसंदेश दाखवण्याची संधीही मिळत नाही. असा बदल किरकोळ दुरुस्तीच्या आवृत्तीत देऊ नये आणि प्रकाशन-टिपणात तो ठळकपणे सांगावा.

प्रत्यक्ष काढताना आधी प्रणाली-चाचणीची अट कायमची खरी करून लायब्ररीचा संपूर्ण टेस्ट-संच चालवावा. त्यानंतर मृत शाखा (आता कधीच न चालणारा कोड), निकाल साठवणारे ग्लोबल चल, बिल्डच्या कॉन्फिगर फाइलमधील तपासणी आणि तिचा मॅक्रो काढावा. एका फंक्शनसाठी एकच कमिट (गिटमधील बदलाची नोंद) ठेवावा, म्हणजे गरज पडल्यास तेवढाच बदल मागे घेता येतो. उरलेल्या थेट कॉलने त्रुटी दिलीच, तर ती न गिळता कॉल करणाऱ्याकडे जशीच्या तशी पोहोचू द्यावी.