जॉन डिअर ४०२०चं २४ व्होल्टचं वायरिंग: या चुका टाळा

बॉडी म्हणजे निगेटिव्ह, हे हाताला इतकं सवयीचं झालेलं असतं की टेस्ट लॅम्पचा चिमटा आपसूक जवळच्या नटाला लागतो. अमेरिकेतल्या जुन्या जॉन डिअर डिझेल ट्रॅक्टरवर, म्हणजे १९६० साली आलेले ३०१०, ४०१० आणि नंतरचे सुरुवातीच्या वर्षांतले ३०२०, ४०२०, हीच सवय नडते. (पेट्रोलवाले मात्र १२ व्होल्टचेच.)

यात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला पुढे दुसरी जोडून २४. स्टार्टर आणि डायनामो २४वर चालतात आणि त्यांची वायरिंग बॉडीला टेकत नाही. बॉडी जोडलीय ती दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडाला. म्हणजे एकीचं निगेटिव्ह बॉडीला, दुसरीचं पॉझिटिव्ह. दिवे १२चे, दोन्हींवर वाटून दिलेले.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: रेडिओ किंवा जादा दिवा एकाच बॅटरीवर टाकणं. ती रोज थोडी जास्त उतरते. चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर मात्र दोघींची बेरीजच बघतो, त्यामुळे एक उपाशी राहते आणि दुसरी उकळते. पॉझिटिव्ह बॉडीला असलेल्या बाजूवर रेडिओ लावलात तर त्याचा पत्रा बॉडीला लागताच फ्यूज जातो.

एकच बॅटरी नवी आणणं ही तशीच चूक. बचत वाटते, पण जोडीच बदला. चालू इंजिनवर प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा: दोन्हींवर १४च्या आसपास हवेत. एकीवर १२, दुसरीवर १६ दिसले तर आधी जादा लोड काढा. तरीही फरक राहिला तर बॅटऱ्यांची अदलाबदल करा. फरक बॅटरीबरोबर गेला तर बॅटरी खराब, जागेवरच राहिला तर वायरिंग बघा.

पिकअपच्या बॅटरीवरून जम्प देताना (म्हणजे तिच्या जोरावर ट्रॅक्टर चालू करताना) एका वेळी एकाच बॅटरीच्या दोन टोकांना केबल लावा, आणि दोन्ही गाड्यांचा पत्रा कुठेही भिडू देऊ नका. पॉझिटिव्ह अर्थवाल्या, म्हणजे प्लस बॉडीला असलेल्या, बॅटरीला जम्प देताना ट्रॅक्टरची बॉडी प्लस असते आणि पिकअपची मायनस. बंपर टेकला की सरळ शॉर्ट. हे मला तरी वायर जळाल्यावरच कळलं.

वैताग येऊन सगळं १२वर न्यायचं ठरवलंत तर स्टार्टर बदलणं आणि डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवणं एकदमच करा, आणि पॉझिटिव्ह अर्थवाल्या बाजूच्या दिव्यांची वायर नव्याने ओढा. बल्ब तेवढे तेच चालतात.