सी मध्ये स्ट्रिंग बदलताना प्रोग्राम कोसळू नये म्हणून

फोंड्यात मी सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. पावसाळ्यात नवी बॅच पॉइंटरपर्यंत (मेमरीतला पत्ता ठेवणारा व्हेरिएबल) पोचली की कोणीतरी लॅपटॉप घेऊन येतंच. "सर, लॅबमध्ये टर्बो सीवर चाललं, घरी लिनक्सवर सेगमेंटेशन फॉल्ट येतो." स्क्रीनवर बहुधा ही ओळ असते (टाइप अर्थात रोमनमध्ये करायची):

कॅर *गाव = "पणजी";

आणि खाली गाव[0] मध्ये मोठा पी घालायचा प्रयत्न.

दुहेरी अवतरणातला हा मजकूर कंपायलर बहुधा फक्त वाचायच्या मेमरीत ठेवतो. तिथे लिहायला गेलं की लिनक्स प्रोग्राम थांबवतं. टर्बो सी ज्या जुन्या डॉसवर चालतं, तिथे अशी राखण नव्हती, म्हणून लॅबमध्ये चाललं. पण सी च्या प्रमाणानुसार ही कृती दोन्हीकडे चूकच. "माझ्याकडे चालतं" हा पुरावा धरू नका.

आधी घोषणा बदला. स्टार काढा, चौकटी कंस लावा:

कॅर गाव[] = "पणजी";

आता ॲरेमध्ये तुमची स्वतःची प्रत तयार झाली: रोमन सहा अक्षरं आणि शेवटचं शून्य, मिळून 7 बाइट. ही खुशाल बदला. फक्त त्यात याहून लांब नाव कोंबू नका.

मग प्रोग्राममध्ये स्ट्रटोक (मजकूर तुकड्यांत तोडणारं फंक्शन) शोधा. इथे हुशार मुलंही फसतात, कारण आपण काही बदलतोय असं वाटतच नाही. "19-12-1961" ही गोवा मुक्तीची तारीख तोडायला दिलीत, तर स्ट्रटोक पहिल्या आडव्या रेघेच्या जागी शून्य लिहितं. म्हणजे मूळ मजकुरावरच घाव. तारीखही ॲरेमध्ये ठेवा आणि मगच तोडा.

मजकूर फक्त छापायचा असेल तर पॉइंटर चालेल, पण 'कॅर'च्या आधी कॉन्स्ट लावा. मग चुकून लिहायला गेलात तर कंपायलर तिथेच अडवतो. मला ही सवय सगळ्यांत मोलाची वाटते.

जीसीसी या कंपायलरला 'डॅश डब्ल्यू राइट-स्ट्रिंग्ज' हा पर्यायही द्या, म्हणजे असा मजकूर कॉन्स्ट नसलेल्या पॉइंटरला दिलात की तो इशारा देतो. सी साठी हा पर्याय नेहमीचे इशारे चालू करणाऱ्या 'डॅश डब्ल्यू ऑल'मध्ये येत नाही, वेगळा लिहावा लागतो.

तरीही प्रोग्राम कोसळलाच, तर 'डॅश जी' लावून पुन्हा कंपाइल करा, जीडीबी या चुका शोधायच्या साधनात चालवा आणि बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं याची यादी) मागा. वरची ओळ लायब्ररीतली दिसली तर घाबरू नका. खाली उतरत आपल्या फंक्शनपाशी या आणि तो पॉइंटर कुठे भरला होता ते पाहा. बहुतेक वेळा तिथे दुहेरी अवतरण सापडतं.